निंबोळी, लसूण-मिरची, दशपर्णी: वनस्पतींच्या अर्काने पिकावरची कीड कशी आवरायची

संध्याकाळी निंबोळी अर्क फवारला, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, तर अळी पानावर जिवंत. अर्काचा नाद बहुतेक जण इथेच सोडतात. पण त्या अळीकडे जरा बारकाईनं पाहायला हवं. ती खातेय का? पानाला नवी भोकं पडली आहेत का? तिच्या खालच्या पानावर ताजी हिरवी विष्ठा दिसते का? अर्क नीट केलेला असेल आणि वेळेवर फवारलेला असेल तर यांतलं बहुधा काहीच दिसणार नाही. अळी नुसती बसून राहते आणि पुढच्या चार-सहा दिवसांत कात टाकताना अडकून मरते.

म्हणजे अर्क हे झटपट मारणारं विष नाही. तो किडीचं खाणं, वाढ आणि अंडी घालणं मोडतो. हे एकदा पक्कं ध्यानात घेतलं की पुढची प्रत्येक गोष्ट का करायची ते आपोआप कळतं: फवारणी अळी लहान असतानाच का, संध्याकाळीच का, आणि आठवड्यानं पुन्हा का.

निंबोळीत नेमकं काय असतं

कडुनिंबाची ताकद सर्वांत जास्त असते ती बीच्या आतल्या गरात. या गरात लिमोनॉइड गटातली अनेक कडू रसायनं असतात, त्यांतलं मुख्य म्हणजे ॲझाडिरेक्टिन. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिक श्मुटरर यांनी पाहिलं की टोळांनी बाकीची हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी राहिली. १९६२ मध्ये दिल्लीत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाण्यातलं मिश्रण फवारून टोळांना पिकापासून दूर ठेवता येतं हे दाखवलं. १९६८ मध्ये ॲझाडिरेक्टिन वेगळं काढण्यात आलं. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली. ते काम २००७ मध्ये पुरं झालं. झाड हे रेणू दरवर्षी बीमध्ये तयार करून देतं, तेव्हा ती बी वाया जाऊ देणं मला तरी पटत नाही.

ॲझाडिरेक्टिन तीन प्रकारे काम करतं. एक म्हणजे, किडीला फवारलेल्या पानाची चव नकोशी होते आणि ती खाणं सोडते. दुसरं, पोटात गेलेला अंश कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा मेळ बिघडवतो. तिसरं, मादीची अंडी घालण्याची क्षमता घटते. यांतला कात टाकण्याचा परिणाम पूर्ण वाढलेल्या अळीवर फारसा दिसत नाही, कारण तोवर तिचं पुष्कळसं खाऊन झालेलं असतं आणि ती कोषात जाण्याच्या बेतात असते.

अर्काचा आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या ४० पिढ्यांवर एका बाजूला शुद्ध ॲझाडिरेक्टिन आणि दुसऱ्या बाजूला निंबोळीचा अर्क वापरून पाहिला. शुद्ध रसायनाला माव्याने सुमारे नऊ पट प्रतिकार कमावला. अर्काला मात्र तो कमावता आला नाही. अर्कात एकाच वेळी अनेक घटक असतात, आणि त्या सगळ्यांवर एकदम मात करणं किडीला अवघड जातं.

पहिली पायरी: अर्क करण्याआधी कीड ओळखा

पंप भरायच्या आधी शेतात फिरा. शेताच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली मिळून वीसेक झाडं निवडा आणि पानं उलटून बघा. मावा, पांढरी माशी, फुलकिडे, कोळी हे सगळे पानाच्या खालच्या बाजूलाच दडतात. वरून हिरवंगार दिसणारं झाड खालून भरलेलं असू शकतं. पान चिकट लागलं किंवा त्यावर काळी बुरशी चढली असेल, तर वरच्या पानांवर रस शोषणारी कीड आहे असं समजा. पानाच्या कडा वर वळून वाटीसारख्या झाल्या तर फुलकिडे बघा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर नागअळी.

अळीच्या बाबतीत तिचं वय सर्वांत महत्त्वाचं. लष्करी अळीची मादी अंडी पुंजक्यानं घालते. ती फुटली की लहान अळ्या एकाच पानावर घोळक्यानं राहतात, पान खरवडतात आणि ते जाळीदार, पांढुरकं दिसू लागतं. असं पान सापडलं की तोडून अळ्यांसकट नष्ट करा. त्यानं जेवढं काम होतं तेवढं कुठलीच फवारणी करत नाही. घाटेअळी एकेक अंडं सुटं घालते, तिला शोधायला जास्त फिरावं लागतं. हरभऱ्यात एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की उपाय करायची वेळ झाली असं मानतात.

पिवळे चिकट सापळे लावले तर पांढरी माशी आणि मावा कधी वाढतोय ते कळतं, निळ्या सापळ्यांवर फुलकिडे येतात. घाटेअळीचे नर पतंग मादीच्या गंधानं ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकू लागले की काही दिवसांत अंडी आणि लहान अळ्या येणार हे ओळखा. अर्काची पहिली फवारणी नेमकी याच वेळी हवी.

काही किडींना अर्क पोचतच नाही. खोडात शिरलेला खोडकिडा, फळात किंवा शेंड्यात घुसलेली अळी, बोंडातली गुलाबी बोंडअळी, जमिनीतली हुमणी यांच्यावर पानावरची फवारणी वाया जाते. तिथे कीडग्रस्त शेंडे आणि फळं काढून टाकणं, सापळे, पिकांची फेरपालट हेच मार्ग. अर्काचा उपयोग झालाच तर अळी आत शिरण्याआधी, अंडी घातली जात असताना होतो.

दुसरी पायरी: निंबोळी गोळा करणं आणि वाळवणं

हे काम वर्षातून एकदाच येतं आणि अर्क चांगला की वाईट हे बरंचसं इथेच ठरतं. निंबोळी पिवळी होऊन गळू लागली की झाडाखाली कापड अंथरून गोळा करा. हिरव्या, कच्च्या निंबोळ्या ओरबाडू नका. झाडाखाली पावसात भिजून काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या निंबोळ्याही घेऊ नका. मातीत पडून राहिलेल्या ओल्या बीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी सहज चढते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. अशी बी कुटताना त्याची धूळ आपल्याच नाकातोंडात जाते.

गोळा केलेल्या निंबोळ्या त्याच दिवशी पाण्यात टाकून हातानं चोळा, वरचा गोडसर गर काढून टाका आणि बी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. गर तसाच राहिला तर बी आंबते. धुतलेली बी सुरुवातीला काही तास उन्हात ठेवून वरचं पाणी सुकवा आणि मग सावलीत, वारं खेळतं राहील अशा जागी पातळ थरात पसरून वाळवा. दिवसातून दोनदा हात फिरवून बी खालीवर करा. कडक उन्हात दिवसच्या दिवस ठेवू नका, कारण ॲझाडिरेक्टिन उष्णतेनं आणि प्रकाशानं उतरतं.

बी वाळली की नाही ते पाहायला एक फोडा. आतला गर तपकिरी-हिरवट, घट्ट आणि चावला तर कडक तुटणारा असला की ती साठवायला तयार. गर मऊ, काळपट किंवा कुबट वासाचा असेल तर ती बी बाजूला काढा.

साठवण तागाच्या पोत्यात किंवा टोपलीत, कोरड्या आणि हवेशीर जागी, जमिनीपासून उंच फळीवर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आतल्या आत घाम सुटतो आणि बुरशी येते. बी त्याच हंगामात, साधारण आठ-दहा महिन्यांच्या आत वापरून टाका. दोन वर्षांपूर्वीची बी अर्काला घेऊ नये. तिच्यात कडूपणा जाणवला तरी जोर उरलेला नसतो.

तिसरी पायरी: पाच टक्के निंबोळी अर्क

प्रमाण सोपं आहे: १०० लिटर फवारणीच्या पाण्याला बीच्या आतला ५ किलो गर. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम, १० लिटरला ५०० ग्रॅम, आणि कुंड्यांसाठी १ लिटर करायचा असेल तर ५० ग्रॅम. हे वजन टरफल काढलेल्या गराचं आहे. टरफलासकट बी कुटणार असाल तर वजन जवळपास दुप्पट धरा, कारण टरफलात कामाचं काही नसतं.

गर कुटायचा तो आदल्या दिवशी. खलबत्त्यात किंवा उखळात हलक्या हातानं भरड काढा, रव्याएवढी जाडसर. जोर लावून किंवा यंत्रात गरम होईपर्यंत दळलं तर तेल सुटतं, भुकटीचा गोळा होतो आणि पाणी त्यात शिरत नाही. उखळाच्या कडेला तेलकट चकाकी दिसू लागली की थांबा, मोकळी भरड काढून घ्या आणि पुढचा घास टाका.

१०० लिटरसाठीची ५ किलो भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. भरड सुती कापडात सैल बांधून भिजवली तर दुसऱ्या दिवशी गाळायला सोपं जातं. सकाळपर्यंत नुसतं ठेवू नका, झोपण्यापूर्वी दोन-तीनदा लाकडी काठीनं ढवळा.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधट, किंचित पिवळसर झालेलं असतं आणि हात बुडवला तर बोटांना बुळबुळीत लागतं. आता पुरचुंडी त्याच पाण्यात दाबून पिळा. दुधट पाणी बाजूला काढा, पुरचुंडीवर थोडं नवं पाणी घाला, पुन्हा पिळा. असं दोन-तीन वेळा केलं की पिळलेलं पाणी जवळपास नितळ येऊ लागतं. गरातला अर्क पुरता उतरला याची खूण हीच. सगळं पाणी मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा. गाळण्यात आळस केला तर नोझल तुंबतो आणि अर्धी फवारणी नोझल साफ करण्यात जाते.

गाळलेल्या अर्कात पाणी घालून एकूण १०० लिटर करा. साबण अगदी शेवटी.

पाणी आणि साबण

या दोन गोष्टींनी चांगला अर्कही फुकट जाऊ शकतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडं जास्त.

ॲझाडिरेक्टिन किंचित आम्लधर्मी पाण्यात, म्हणजे सामू (पीएच) ४ ते ६ च्या दरम्यान, सर्वांत टिकतं. सामू ८ च्या वर गेला की ते झपाट्यानं मोडू लागतं. विहिरीचं किंवा बोअरचं जड, क्षारयुक्त पाणी बऱ्याचदा असंच असतं. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या जवळ ठेवा. सामू जास्त आला तर थोडं सायट्रिक ॲसिड, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून तो ६ च्या आसपास आणा. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर फारच उत्तम.

साबण हवा, कारण पानावर आणि किडीच्या अंगावर मेणचट थर असतो आणि नुसतं पाणी त्यावरून घरंगळतं. १०० लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे लिटरला २ ग्रॅम साबण पुरे. कपड्यांची डिटर्जंट पावडर मी टाळायला सांगेन. तिच्यातल्या सोड्यानं कोवळी पानं करपतात आणि सामूही वर जातो. मऊ साबण किंवा रिठा चांगला. रिठ्याची फळं रात्रभर भिजवून त्याचं फेसाळ पाणी घेतलं की पसरवणारा घटक घरचाच झाला. साबण मूळचा क्षारधर्मी असल्यामुळे तो फवारणीच्या तोंडावर मिसळायचा आणि लगेच फवारायला लागायचं. साबण घातलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

चौथी पायरी: आधी थोड्यावर करून बघा

शेतभर फवारण्याआधी पाच-सहा झाडांवर फवारा आणि दोन दिवस थांबा. पानांच्या कडा करपल्या, डाग पडले किंवा शेंडा मान टाकू लागला तर साबण कमी करा किंवा अर्क पातळ करा. काकडी, दोडका यांसारख्या वेलवर्गीय पिकांची पानं साबणाला आणि तेलाला नाजूक असतात, तिथे ही पायरी चुकवू नका.

अर्कात जोर आहे का हेही घरी तपासता येतं. दोन डबे घ्या, झाकणांना बारीक भोकं पाडा. एकात साध्या पाण्यात बुडवून सुकवलेलं पान, दुसऱ्यात अर्कात बुडवून सुकवलेलं पान. दोन्हींत त्याच पिकावरच्या, एकाच वयाच्या चार-पाच लहान अळ्या सोडा आणि डबे सावलीत ठेवा. दुसऱ्याच दिवशी साध्या पानाला मोठी भोकं पडलेली आणि डब्याच्या तळाशी विष्ठेचे दाणे जमलेले दिसतील, तर अर्काच्या पानावर जेमतेम टोचल्यासारख्या खुणा. रोज ताजी पानं तशीच बुडवून देत राहा. काही दिवसांत अर्काच्या डब्यातल्या अळ्या आखडतात, काळपट पडतात. एखादी अर्धवट कात टाकलेली सापडते: जुनी कातडी शेपटाशी गुंडाळलेली आणि डोक्याची जुनी टोपी तोंडावर तशीच चिकटलेली. दोन्ही डब्यांत फरक दिसला नाही तर बी जुनी किंवा खराब आहे, तो अर्क शेतात नेण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: फवारणी

ऊन कलल्यावर, संध्याकाळी. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं ॲझाडिरेक्टिन मोडतात. संध्याकाळी फवारलं तर अर्काला निदान एक पूर्ण रात्र मिळते, आणि बऱ्याच अळ्या खायला बाहेर पडतात त्या रात्रीच. मधमाश्याही तोवर पोळ्यात परतलेल्या असतात. भर दुपारच्या उन्हात साबण-तेलाची फवारणी केली तर पानं भाजतात, हा आणखी एक तोटा.

नोझल बारीक थेंबाचा घ्या आणि फवारा खालून वर मारा, म्हणजे पानाची खालची बाजू ओली होते. कोवळे शेंडे, कळ्या आणि पानांच्या बगला नीट भिजवा. पाणी टपटपू लागेपर्यंत फवारायची गरज नाही. पंप मधूनमधून हलवत राहा, तेलकट भाग वर तरंगतो.

पाऊस येण्याची लक्षणं असतील तर थांबा. फवारणीनंतर काही तासांतच चांगला पाऊस झाला तर ती धुऊन गेली असं समजून पुन्हा करावी लागते.

पहिली फवारणी किडीची सुरुवात दिसताच, पुढची सात ते दहा दिवसांनी. पानावर अर्काचा बराचसा जोर काही दिवसांतच ओसरतो आणि दरम्यान नवी अंडी फुटत असतात, म्हणून एका फवारणीवर विसंबता येत नाही. किडीचा जोर असताना पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवलं तरी चालतं.

एक ओळ मुद्दाम न फवारता सोडा. अर्कानं काम केलं की हवामानानंच कीड कमी झाली हे त्या ओळीशिवाय कळायचं नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दोन्हीकडची तेवढीच पानं उलटून मोजा आणि वहीत लिहा. मेलेल्या किडी मोजण्यापेक्षा नवी भोकं, ताजी विष्ठा आणि कोवळ्या शेंड्यांची तब्येत बघा.

किडीला खाणारे मित्रकीटक, म्हणजे ढालकिडे, त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची देठावर उभी असलेली अंडी दिसत असतील तर फवारणी कीड असलेल्या भागापुरतीच ठेवा. अर्क मुख्यतः पान खाणाऱ्या आणि रस शोषणाऱ्या किडीच्या पोटात जातो, म्हणून मित्रकीटकांना त्याचा त्रास तुलनेनं कमी. पण साबण आणि तेल मात्र अंगावर पडलं की मऊ शरीराच्या मित्रकीटकालाही सोडत नाही. माव्यांमध्ये फुगीर, सोनेरी-तपकिरी, कागदासारखे कोरडे मावे दिसले तर ते परोपजीवी गांधीलमाशीनं आतून पोखरलेले असतात. असे बरेच दिसले तर पंप बाजूला ठेवून थोडे दिवस वाट पाहा.

निंबोळी तेल आणि तयार औषधं

बी जमवणं जमलं नाही तर तेल. लिटर पाण्याला ३ ते ५ मिली, आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाबरोबर घोटून दुधट करून मगच पंपात. तेल थंड पद्धतीनं घाण्यावर काढलेलं असावं. उष्णतेनं काढलेल्या किंवा शुद्धीकरण केलेल्या तेलात ॲझाडिरेक्टिन जवळपास उरत नाही, असं तेल फक्त किडीची श्वासाची छिद्रं बुजवून काम करतं. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा यांना तेवढंही पुरतं, अळीला नाही.

गंधकाची फवारणी केलेल्या पिकावर दोन-तीन आठवडे कुठलंही तेल मारू नका, पानं जळतात. बोर्डो मिश्रणातही अर्क मिसळू नका, चुन्यामुळे त्याचा सामू फार वर असतो.

तयार औषधाच्या बाटलीवर ३००, १५००, १०,००० असे पीपीएमचे आकडे असतात. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का ॲझाडिरेक्टिन. ३०० आणि १०,००० च्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी जोरात ३० पटींहून जास्त फरक आहे, म्हणून एकीचं प्रमाण दुसरीला लावू नका. लेबलवरचं प्रमाण आणि बनवल्याची तारीख, दोन्ही बघून घ्या.

लसूण-मिरची अर्क

हा अर्क मुख्यतः कीड दूर ठेवण्यासाठी. मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांची नुकती सुरुवात असेल तर उपयोगी, कीड माजल्यावर नाही. १० लिटरसाठी १०० ग्रॅम तिखट हिरवी मिरची आणि १०० ग्रॅम लसूण एकत्र ठेचा, १ लिटर पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, पाणी घालून १० लिटर करा आणि साबण घालून त्याच संध्याकाळी फवारा.

लसूण उकळू नका. लसणातला उग्र ॲलिसिन ठेचल्यावर तयार होतो. अख्ख्या पाकळीत तो नसतो. ठेचताना ॲलिनेज नावाचं विकर मोकळं होतं तेव्हा तो बनतो, आणि उकळत्या पाण्यात हे विकर निकामी होतं. काही जण लसूण रॉकेलमध्ये भिजवायला सांगतात. ते करू नका. रॉकेलनं पानं करपतात आणि खाण्याच्या पिकावर त्याचं काही काम नाही.

मिरची ठेचताना हातमोजे, चष्मा आणि नाकावर फडकं हवंच. फवारताना वाऱ्याकडे पाठ.

दशपर्णी अर्काविषयी

कडुनिंब, घाणेरी, निर्गुडी, करंज, सीताफळ, रुई, एरंड, पपई, गुळवेल, कण्हेर अशा दहा वनस्पतींचा पाला, त्यात मिरची-लसणाचा ठेचा, शेण आणि गोमूत्र घालून महिनाभर २०० लिटर पाण्यात सडवायचं, रोज ढवळायचं, मग गाळून पातळ करून फवारायचं, अशी ही रीत आहे. ज्या झाडांना जनावरं तोंड लावत नाहीत त्यांचा पाला घ्यायचा, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे.

माझं मत मात्र असं, की शिकणाऱ्यानं सुरुवात इथून करू नये. पाल्याचं वय, ऋतू, आंबण्याचं तापमान यांनुसार प्रत्येक पिंप वेगळं निघतं, आणि कशानं गुण आला ते सांगता येत नाही. महिनाभर सडवताना कडुनिंबातले नाजूक घटक किती शिल्लक राहतात हाही प्रश्नच. करायचाच असेल तर वर सांगितलेली डब्यातली चाचणी प्रत्येक पिंपाची करा. कण्हेर वगळली तरी चालते. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी जहाल द्रव्यं असतात. आणि शेण घातलेलं कुठलंही मिश्रण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर, काकडी यांच्यावर काढणी जवळ आली असताना फवारू नका. शेणातले रोगजंतू पानावर राहू शकतात.

वनस्पतीचं आहे म्हणून निर्धोक नाही

तंबाखूचा काढा अजूनही सुचवला जातो. तो करू नये असं मी ठामपणे सांगेन. निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरतं आणि मळमळ, चक्कर, घाम, छातीत धडधड सुरू होते. शिवाय सुक्या तंबाखूतही जिवंत राहणारा मोझॅक विषाणू टोमॅटो, मिरची, वांगी यांना लागतो. म्हणजे मावा घालवायला जावं आणि रोग आणून ठेवावा.

सीताफळाच्या बीचा अर्क जोरकस आहे, पण त्याची भुकटी डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. कुटताना बंद चष्मा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, खाण्याच्या पिकावर ते नको. डेरिस वनस्पतीच्या मुळांतलं रोटेनोन एकेकाळी ‘नैसर्गिक’ म्हणून बागांमध्ये सर्रास वापरलं जाई. ते माशांना अत्यंत घातक आहे, पार्किन्सनसारख्या आजाराशी त्याचा संबंध आढळला आणि अनेक देशांनी शेतीतला त्याचा वापर थांबवला. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांचा अर्क कीड क्षणात पाडतो आणि उन्हात लवकर मोडतो, हे खरं. पण मधमाश्या आणि मासे यांना तोही विषारीच.

निंबोळी अर्क फवारतानाही पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि चष्मा वापरा. निंबोळी तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर धोका आहे, म्हणून बाटली उंच जागी, नाव लिहून ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कुठलाही अर्क भरू नका. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जाताना काय फवारलं ते सांगा. काढणीआधी दोन-चार दिवस फवारणी थांबवा, नाहीतर भाजीला कडवट चव राहते.

अर्कानं भागलं नाही तर

दोन फवारण्या वेळेवर झाल्या, डब्यातल्या चाचणीत अर्क चांगला निघाला आणि तरी कीड वाढतेच आहे, असंही होतं. अळ्या मोठ्या झाल्या असतील तर हातानं वेचा किंवा झाडं हलवून त्या पाडा. लहान अळ्यांसाठी बीटी जिवाणूची फवारणी अर्काच्या फवारणीला आलटूनपालटून घेता येते. दोन्ही एकाच पंपात मिसळणं मी टाळतो, कारण बीटी अळीच्या पोटात जावं लागतं आणि अर्क तिचं खाणंच बंद करतो. पिठ्या ढेकणाच्या मेणचट कापसाखाली अर्क पोचत नसेल तर आधी साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारून तो थर फोडा, मग संध्याकाळी अर्क.

काम झाल्यावर

पिळून उरलेला चोथा टाकू नका, मातीत मिसळा. त्यात थोडा अर्क आणि पिकाला लागणारं नत्र शिल्लक असतं. रोपांच्या अगदी बुडाशी ढीग न करता वीतभर लांब पसरून मातीआड करा.

पंप त्याच रात्री दोनदा पाण्यानं धुवा, नोझल आणि गाळणी काढून जुन्या दाताच्या ब्रशनं साफ करा. तेलाचा थर वाळला की तो रबरी वायसरला चिकटतो आणि पुढच्या वेळी पंपाला दाब येत नाही. धुण्याचं पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. बांधाच्या आत, पीक नसलेल्या कोरड्या जमिनीवर ओता. उरलेला साबणाविना अर्क सावलीत, झाकून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चालतो, त्यानंतर तोही जमिनीतच जिरवा.